हिशेबाच्या शब्दांचा हिशेब

वाचकहो, आपल्या घरच्या माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे किंवा देवघराच्या कोनाड्यात लाल कापडाच्या बांधणीची एखादी लांबट चोपडी पडून आहे का? नसली तर शेजारी विचारून पाहा. आजोबा-पणजोबा सावकारी करीत असतील, आडत चालवीत असतील, पाटीलकी किंवा पांडेपणाचे वतन सांभाळीत असतील, तर अशी चोपडी बहुधा निघतेच. तिची अक्षरे आपल्याला लागत नाहीत. एका रेघेला लटकलेली, एकमेकांत गुंतलेली ती मोडी वळणे पाहून आपण म्हणतो, 'आता हे कोण वाचणार?' आणि पुन्हा दोरी बांधून ठेवतो. पुष्कळदा तर बांधूनही ठेवीत नाही. घरावरचे पत्रे बदलताना ती जुन्या सामानाबरोबर बाहेर जाते.

मला या चोपडीविषयीच बोलायचे आहे. पण तिच्याकडे मी जरा लांबच्या वाटेने येणार आहे, तेवढे सांभाळून घ्या.

हिशेब ठेवणे निराळे आणि हिशेबाविषयी संशोधन करणे निराळे. दुकानदार रात्री दिव्याशी बसून रोजमेळ घालतो, ते हिशेब ठेवणे. पण नफा नेमका कशाला म्हणावा, यंत्राचा घसारा किती धरावा, कंपनीने छापलेल्या ताळेबंदावर लोक कितपत विश्वास ठेवतात, असल्या प्रश्नांत आयुष्य घालवणारे विद्वानही जगात आहेत. त्यांची स्वतंत्र नियतकालिके आहेत. अमेरिकेतले 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' १९२६ साली निघाले. शिकागोचे 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च' १९६३ साली. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली आणि १९५२ पासून तिचेही मासिक निघू लागले. शंभर वर्षांत असे हजारो लेख साचले. एका माणसाने ते सगळे वाचायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. मग कोणत्या काळात या विद्वानांचे लक्ष कशाकडे होते, ते कधी आणि का फिरले, हे ठरवायचे कसे?

यासाठी आता संगणकाला कामाला लावतात. सगळे लेख त्याच्या पोटात घालायचे आणि शब्द मोजायला सांगायचे. या रीतीला टेक्स्ट मायनिंग म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम. मजकुराची खाण खणून तिच्यातून अर्थाचे खडे वेचायचे, असा त्या नावाचा भाव आहे.

नाव मोठे असले तरी युक्ती आपल्या परिचयाची आहे. बाजाराच्या दिवशी हिंगोलीच्या एस. टी. स्टँडवर घटकाभर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या न्याहाळा. एकीत हळकुंडे, सुपारी, खण आणि बाशिंग दिसले, की तुम्ही न विचारता सांगाल, या घरी लग्न आहे. दुसरीत बियाण्याची पुडकी आणि औषधाची बाटली दिसली, की पेरणीची तयारी चाललेली आहे. पिशवीवर कोणी 'लग्न' किंवा 'पेरणी' असे लिहिलेले नसते. कोणत्या वस्तू एकमेकींच्या सोबतीने येतात, त्यावरून आपण विषय ताडतो. संगणक शब्दांच्या बाबतीत हेच करतो. 'आणि', 'व', 'तर', 'हा', 'तो' हे सगळीकडे असणारे भुसकट तो आधी उफणून टाकतो. उरलेल्या दाण्यांत कोणते शब्द वारंवार एकत्र येतात ते पाहतो आणि त्यांचे गठ्ठे बांधतो. मग कोणता गठ्ठा कोणत्या वर्षी फुगला आणि कोणता आटला, हे काढतो. यात त्याला अर्थ असा काहीच कळत नसतो, एवढे मात्र ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे ते लागणार आहे.

ही कल्पना अगदीच परदेशी आहे, असे समजू नका. संगणकाचा मागमूस नव्हता त्या काळात आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने हाच उद्योग हाताने केला होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे नाव शिक्षकबंधूंना तरी सांगायला नको. १८६३ साली जन्मलेला आणि १९२६ साली वारलेला हा विक्षिप्त, तापट, फकिरी वृत्तीचा विद्वान गावोगाव पायपीट करून जुनी दफ्तरे गोळा करीत हिंडला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी बावीस खंड काढले. वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेले कागद त्यांनी सोडवून आणले, अशा कथा त्यांच्याविषयी सांगतात.

या राजवाड्यांना एक प्रश्न पडला. शिवाजी महाराजांच्या आधी आणि नंतर मराठी लेखनात फारसी शब्द किती होते? इतर विद्वान 'पुष्कळ होते, मग कमी झाले' एवढ्यावर थांबले असते. राजवाड्यांनी लेख पुढे ओढले आणि शब्द मोजले. १६२८ सालच्या लेखनात त्यांना २३६ शब्दांपैकी २०२ फारसी आणि अवघे ३४ मराठी सापडले. १६७७ साली १३५ पैकी ५१ फारसी आणि ८४ मराठी. १७२८ साली १२७ पैकी फारसी फक्त ८ आणि मराठी ११९. म्हणजे शंभर वर्षांत मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा चौदावरून शेकडा चौऱ्याण्णवाच्या घरात गेले. राज्य बदलले की भाषेचा पोत कसा बदलतो, ते या आकड्यांनी जितके स्वच्छ दाखवले, तितके दहा व्याख्यानांनी दाखवले नसते.

मी हे आकडे वर्गात फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले खूश होतात. इतिहासात गणित आले की त्यांना खात्रीचे वाटते. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे लेख कुणी कुणाला लिहिले होते?" मला उत्तर सुचेना. तास संपला म्हणून सुटलो, नाहीतर पंचाईत होती. घरी जाताना मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. एकाच माणसाने एकाच दिवशी सुभेदाराला अर्ज लिहिला आणि बहिणीला कुशल लिहिले, तर दोन्हींतले शब्द सारखे असतील का? अर्जात 'हुजूर', 'मेहेरबान', 'तारीख' येतील. बहिणीच्या पत्रात ते कशाला येतील? म्हणजे शब्द मोजण्याआधी कागद कसला आहे ते पाहिले पाहिजे. आणि शे-दोनशे शब्दांवरून साऱ्या शतकाचा निकाल लावणेही धाडसाचेच. राजवाड्यांचा निष्कर्ष खोटा होता असे मी म्हणत नाही; दिशा त्यांनी बरोबर ओळखली. पण त्यांनी जे मोजले ते दरबाराच्या लेखनातले वारे होते. गादीवर बसून जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाकडे ते वारे तितकेसे पोचले नाही.

याला पुरावा हवा असेल तर शाळेतल्या वाणिज्य शाखेच्या मुलाचे मराठी पुस्तक उघडा. जमा, खर्च, रक्कम, बाकी, हिशेब हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. तेरीज पत्रकातला 'तेरीज' शब्दही त्याच वाटेने आला. त्यांच्या शेजारीच ऋणको, धनको, ख्याती, द्विनोंदी असे संस्कृताच्या टाकसाळीतले नवे नाणे आहे. मधूनच 'घसारा' हा अस्सल मराठी मातीतला शब्द डोकावतो. यंत्र घासते, झिजते, म्हणून घसारा. परिभाषा करणाऱ्या समितीला इतका चपखल शब्द कुठून सुचला असेल, याचे मला नेहमी नवल वाटते. आणि 'बँक', 'चेक', 'डेबिट', 'क्रेडिट' आहेतच. एका पानावर सातशे वर्षांचे थर. विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि पाषाण लागावा तसे.

दरबाराने शब्द बदलण्याचा प्रयत्न केला नव्हता असे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. जमाखर्चाच्या मुख्य अधिकाऱ्याला मुजुमदार म्हणत. त्याचा अमात्य झाला. पण गंमत पाहा, आज आपल्याला मुजुमदार आडनावाची माणसे भेटतात, फडणीस भेटतात, पोतनीस आणि चिटणीस भेटतात. कोश राजसभेला लागू झाला, पण पिढ्यान् पिढ्या पैशाचा हिशेब ज्या शब्दांत ठेवला ते शब्द तोंडातून जात नाहीत. व्यापाऱ्याला शब्द बदलणे परवडत नाही. कालच्या चोपडीतली बाकी आजच्या चोपडीत ओढायची, तर दोन्हीकडे तिला 'बाकी'च म्हणावे लागते.

आता पुन्हा यंत्राकडे वळू. राजवाड्यांनी हाताने केलेले काम यंत्राकडून करून घेण्याचा ध्यास पहिल्यांदा घेतला तो इटलीतल्या एका ख्रिस्ती पाद्र्याने. रोबेर्तो बुसा त्याचे नाव. सेंट थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन आचार्याच्या ग्रंथांतला शब्दन् शब्द त्याला सूचीत बसवायचा होता. १९४९ साली तो अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला. एक कोटीहून अधिक शब्द! छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर काम सुरू झाले आणि सगळी सूची छापून पुरी व्हायला तीस वर्षे लागली. आज तेच काम टेबलावरचा संगणक चुटकीसरशी करतो. म्हणूनच धर्मग्रंथांसाठी निघालेली ही रीत पुढे बाजारपेठेच्या, कायद्याच्या आणि हिशेबाच्या कागदांवर चालू लागली.

हिशेबशास्त्राच्या नियतकालिकांत काय दिसते? फार मोठा फेरा दिसतो. सुरुवातीच्या दशकांतले विद्वान उपदेशकाच्या सुरात लिहीत. नफा असा धरावा, मालाची किंमत अशी लावावी, चांगल्या हिशेबाची तत्त्वे ही. १९६० नंतर हा सूर बदलू लागला. १९६८ साली रे बॉल आणि फिलिप ब्राउन या दोघांनी एक निबंध छापला. कंपनीने नफ्याचा आकडा जाहीर केला की तिच्या शेअरच्या भावावर काय परिणाम होतो, हे त्यांनी शेकडो कंपन्यांचे आकडे घेऊन तपासले. 'असे असावे' याऐवजी 'असे आढळले' ही भाषा आली. गंमत म्हणजे 'द अकाउंटिंग रिव्ह्यू'ने हा निबंध नाकारला होता. तो शिकागोच्या नियतकालिकात आला आणि पुढे सगळे त्याच वाटेने गेले. तत्त्व, मूल्य, न्याय्य या शब्दांची गर्दी ओसरली. बाजार, नमुना, आकडेवारी या शब्दांची वाढली. पुढे २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीचे दिवाळे वाजले, तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही बडी पेढीही बुडाली, २००२ साली नवा कायदा झाला, आणि लेखापरीक्षण व अंतर्गत नियंत्रण या विषयांवरच्या लेखांना भरती आली. आपल्या शेजारच्या हैदराबादेत जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली, तेव्हा इकडच्या अभ्यासकांच्या लेखण्याही तिकडे वळल्या. विद्वानांचे लक्ष पुष्कळदा चोरी झाल्यावर कुलपाकडे जाते, हा आपला मला सुचलेला अर्थ. शब्दांच्या मोजणीत तो लिहिलेला नसतो.

पण यंत्राला अर्थ कळत नाही, हे मघाशी म्हटले ते इथे आडवे येते. २०११ साली टिम लॉग्रन आणि बिल मॅकडोनाल्ड या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी एक निबंध लिहिला. त्याआधीचे संशोधक कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत 'वाईट' शब्द किती आहेत ते मोजून कंपनीची तब्येत ओळखू पाहत. वाईट शब्दांची यादी त्यांनी घेतली होती हार्वर्डच्या मानसशास्त्राच्या एका कोशातून. या दोघांनी १९९४ ते २००८ या वर्षांतले हजारो अहवाल तपासले आणि दाखवून दिले, की त्या यादीनुसार वाईट म्हणून मोजलेल्या शब्दांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शब्द हिशेबाच्या लेखनात वाईट नसतातच. कर, खर्च, भांडवल, देणे — ताळेबंदात हे शब्द यायचेच. त्यात रडण्यासारखे काय आहे? देणे हा मनाला टोचणारा शब्द असेल, पण जिच्यावर देणे नाही अशी कंपनी दाखवा! 'खाण' हा शब्द आला म्हणून यंत्राने तोंड वाकडे केले, आणि ती कंपनी कोळसाच काढणारी निघाली. मग दोघांनी हिशेबासाठी वेगळी यादी केली. धंदा माहीत असलेल्या माणसाने यंत्राला शब्द शिकवावे लागले.

आता हेच यंत्र मराठीला लावून पाहा. 'बाकी काय म्हणता?' यातली बाकी, वजाबाकीतली बाकी आणि शेतसाऱ्याची थकलेली बाकी, यंत्राला तिन्ही एकच. 'लोक जमा झाले' आणि 'रक्कम जमा झाली' यांत त्याला फरक दिसत नाही. ऊसतोड मजुराची 'उचल' आणि 'गोणी उचल' यातली उचल त्याला सारखीच. शिवाय आपली भाषा शब्दांना शेपट्या लावते. हिशेब, हिशेबाचा, हिशेबात, हिशेबाने: इंग्रजीत जिथे एक शब्द तिथे यंत्र आपल्याकडे चार मोजते, आणि एकाच शब्दाची चार वाटण्या होऊन तो यादीत खाली घसरतो. नाथमहाराजांची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधायला ते रात्रभर समईशी बसले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, असे सांगतात. यंत्र चूक करते तेव्हा त्याला झोपमोड होत नाही, आणि टाळीही वाजत नाही. जागे कोणीतरी माणसानेच राहावे लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. यंत्राच्या पोटात जे घातले असेल तेच ते मोजणार. जगाच्या हिशेबशास्त्राचा जो इतिहास आज शब्द मोजून लिहिला जातो, त्या ढिगात इंग्रजी नियतकालिके आहेत, इंग्रजी अहवाल आहेत. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने दुहेरी नोंदीची पद्धत छापली, तिथून त्यांची कथा सुरू होते. ती खरीच आहे. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी आपल्या मुलखात काय चालले होते? देवगिरीच्या यादवांच्या दरबारी महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा श्रीकरणाधिप होता. श्रीकरण म्हणजे राज्याचे दफ्तर आणि जमाखर्च. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो, त्या यादवकालीन बांधणीला लोक हेमाडपंती म्हणतात. त्याच माणसाच्या नावावर परंपरेने मोडी लिपीही घातलेली आहे. मोडी त्याने काढली की आधीपासून होती, यावर विद्वानांत वाद आहे. पत्रे कशी लिहावी, दफ्तर कसे ठेवावे याचे नियम सांगणारे 'मेस्तक' म्हणून जे प्रकरण प्रसिद्ध आहे, तेही त्याच्याच नावाने चालते. जमाखर्च लिहिण्याला शास्त्र आहे, हे ओळखलेला तो मुलूख होता, एवढे निश्चित. त्या ढिगात हेमाडपंत नाही, मोडीतली रोजकीर्द नाही, हिंगोलीच्या आडतीची खतावणी नाही. यंत्र मोजेल आणि म्हणेल, इथे शून्य.

हिंगोलीचा पैशाच्या इतिहासाशी संबंध लहान नाही. इंग्रजांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची इथे छावणी होती. त्या फौजेच्या पगाराचे कर्ज निझामाच्या डोक्यावर साचत गेले आणि १८५३ च्या तहाने सारा वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. एका थकलेल्या खात्यापायी अख्खा प्रांत गेला! हे तह आणि खलिते इंग्रजीत छापून ठेवलेले आहेत. यंत्राला ते मिळतात. त्याच छावणीला धान्य, गूळ, कडबा पुरवणाऱ्या गावच्या व्यापाऱ्याने आपल्या चोपडीत काय लिहिले, हे मात्र ती चोपडी निघाल्याशिवाय कळणार नाही.

चोपडी निघाली तरी यंत्राला ती लगेच पचणार नाही, हेही सांगितले पाहिजे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, याची खूण नाही. शब्द मोजायचे तर आधी शब्द सुटे करावे लागतात, आणि नेमके तेच मोडीत कठीण. वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही, संक्षेप भरपूर. संगणकांसाठी जगातल्या लिप्यांची जी सर्वमान्य यादी आहे, तिच्यात मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली. मोडी ओळखणारी यंत्रे घडवण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. पण त्यांना शिकवायला हजारो नमुने लागतात, आणि ते दरबारी दफ्तरांतून येतात तितके गावच्या चोपड्यांतून येत नाहीत. पुन्हा त्या मुलाचा प्रश्न: लेख कुणी कुणाला लिहिला होता?

आपल्या मराठवाड्यात आणखी दोन खड्डे आहेत. पहिला सालाचा. निझामी राज्यात फसली सन चाले. जुन्या चोपडीवर किंवा सेतवारावर १३५७ असे पाहून यंत्र तो कागद बहामनी काळात नेऊन टाकील. वास्तविक १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, रझाकारांच्या धामधुमीचे वर्ष. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसलीचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून नंतरच्या महिन्यांना ५९१. दुसरा खड्डा रुपयाचा. १८८४ च्या सुमारास हैदराबादच्या कारभाराची भाषा फारसीची उर्दू झाली, पण नाणे हालीच राहिले. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. वऱ्हाडाच्या सीमेवर व्यवहार करणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला दोन्ही रुपये लागत. चोपडीत नुसते 'रुपये ७००' लिहिलेले असेल, तर ते कोणते? हाली असतील तर कलदार सहाशेच. एका रकमेत शंभराचा फरक! हे यंत्राला कोण सांगणार? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कदाचित अजून ठाऊक असेल. विचारायला वेळ थोडा उरला आहे.

मागे औंढा भागात एका घरी मी गेलो होतो. कागद पाहायचे म्हणून नव्हे, लग्नाला. जेवणे झाल्यावर घरच्या वयस्क काकूंना सहज विचारले. त्या म्हणाल्या, "होत्या ना चोपड्या. दोन पेट्या होत्या. ह्यांच्या आजोबांचं सावकारीचं होतं. वाळवी लागली म्हणून पोरांनी जाळल्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक राहिली. तिच्यावर श्री आहे म्हणून मी जाळू दिली नाही." त्यांनी ती देवघरातून आणून दिली. कुंकवाचे बोट लागलेले पहिले पान, आणि आत पानोपानी कापूस, ज्वारी, आडत, हमाली. दोन तास मी लग्नघरात पंगतीच्या गोंधळात ती वाचीत बसलो होतो. नवरदेवाच्या मामाने मला दोनदा चहा आणून दिला आणि दोन्ही वेळा तो थंड झाला.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि ज्यांच्या घरी अशी चोपडी आहे त्यांना एवढेच सांगतो. तुमच्याजवळ मोबाईल आहे; सावलीत, सपाट पाटावर ठेवून एकेका पानाचा फोटो घ्या. कडेच्या मोकळ्या जागेसकट घ्या, कारण बारीक शेरे तिथेच असतात. वेगळ्या कागदावर गाव, घराचा धंदा, चोपडी कोणाच्या हातची आणि घरात कोणता रुपया चाले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. वाचता आली नाही तरी चालेल, आज ना उद्या वाचणारा भेटेल. मूळ चोपडी घरचीच आहे, ती घरीच राहू द्या; फक्त जमिनीपासून उंच, कडुलिंबाचा पाला घालून. आणि फोटो घेताना पहिले पान कोरे वाटले म्हणून सोडू नका. 'श्री'च्या खाली बहुधा तिथेच सन लिहिलेला असतो.